इमाम गझाली (रहि.) : मनाचं दुखणं शरीरात उतरलं तेव्हा

रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, असं डॉक्टर सांगतात आणि घरचे अजूनच गोंधळतात. कारण माणूस तर डोळ्यांसमोर झिजताना दिसतो. घास गिळवत नाही, रात्रभर झोप नाही, बोलायला गेलं तर आवाज फुटत नाही. मग कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे, कुणी म्हणतं नाटकं करतोय. आणि एखादा जवळचाच माणूस सहज बोलून जातो, की नमाज-रोजा नीट असता तर अशी वेळ आली नसती. आजाऱ्याला आजारापेक्षा हे शेवटचं बोलणं जास्त लागतं.

आज ज्यांच्याविषयी लिहितो आहे, त्यांच्या ईमानाबद्दल कुणी शंका घेणार नाही. इमाम अबू हामिद मुहम्मद अल-गझाली (रहि.) यांना मुस्लिम जगताने हुज्जतुल इस्लाम, म्हणजे इस्लामचं प्रमाण, अशी पदवी दिली. त्यांचं 'इह्या उलूमिद्दीन' नऊशे वर्षांनंतरही मदरशांत आणि घराघरांत वाचलं जातं. पण याच इमामांची जीभ एके दिवशी भर वर्गात बंद पडली, अन्न तुटलं आणि हकिमांनी हात टेकले, ही गोष्ट आपल्या घरांत फारशी सांगितली जात नाही. गंमत म्हणजे ती लपवलेली नाही. इमामांनी स्वतःच आपल्या 'अल-मुन्किझ मिनज्जलाल' या आत्मकथनपर पुस्तकात ती मोकळेपणाने लिहून ठेवली आहे.

यतीम मुलगा ते बगदादचे उस्ताद

इमाम गझालींचा जन्म हिजरी ४५०, म्हणजे इ.स. १०५८ च्या सुमारास खुरासानातल्या तूस इथे झाला. हे ठिकाण आजच्या इराणमध्ये, मशहद शहराजवळ आहे. वालिद गरीब होते, लोकर कातून विकायचे. स्वतःला लिहिता-वाचता आलं नाही याची त्यांना खंत होती, असं चरित्रकार सांगतात. मरण जवळ आलं तेव्हा त्यांनी मुहम्मद आणि अहमद या दोन लहान मुलांना एका सूफी मित्राच्या हवाली केलं आणि जी काही पुंजी होती ती त्यांच्या शिक्षणासाठी दिली. ती लवकरच संपली. त्या भल्या माणसाने मुलांना स्पष्ट सांगितलं, की माझ्याकडे तुम्हाला पोसायला काही नाही, तुम्ही मदरशात दाखल व्हा, तिथे शिक्षणाबरोबर पोटालाही मिळेल. बापाचं छत्र गेलेलं आणि दोन वेळच्या जेवणासाठी मदरशाचा दरवाजा गाठलेला, अशी ही सुरुवात.

तरुणपणी ते शिकायला जुरजानला गेले. परत येताना वाटेत काफिल्यावर दरोडा पडला. सामानाबरोबर त्यांची टिपणं असलेली थैलीही गेली. पोरगा दरोडेखोरांच्या मागे धावला आणि निदान कागद तरी परत द्या म्हणून विनवू लागला. टोळीचा म्होरक्या हसला. कागद गेले की ज्याचं ज्ञानच जातं, तो कसला शिकलेला, असं म्हणून त्याने थैली फेकली. हा टोला वर्मी लागला. चरित्रकार लिहितात, की तूसला आल्यावर पुढची तीन वर्षं त्यांनी ती सगळी टिपणं तोंडपाठ करण्यात घालवली.

पुढे निशापूरला त्या काळचे मोठे विद्वान इमामुल हरमैन जुवैनी यांच्याकडे ते शिकले. उस्तादांचं इ.स. १०८५ मध्ये निधन झालं आणि गझाली सलजूक सल्तनतीचे वजीर निजामुल्मुल्क यांच्या दरबारात आले. वजिरांभोवती आलिमांची मैफल भरायची, वाद झडायचे आणि हा तरुण सगळ्यांना निरुत्तर करायचा. इ.स. १०९१ मध्ये वजिरांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशाचे मुख्य उस्ताद नेमलं. वय फक्त तिशीच्या सुरुवातीचं. समोर तीनशे विद्यार्थी. खलिफाच्या दरबारात मान, रस्त्याने निघाले की लोक थांबून बघायचे. आजच्या भाषेत बोलायचं तर यापेक्षा वरची नोकरी त्या काळी नव्हतीच.

धक्क्यावर धक्के

मग एकामागून एक घटना घडत गेल्या. इ.स. १०९२ च्या रमजानमध्ये, ज्या निजामुल्मुल्कने त्यांना वर आणलं त्याचाच खून झाला. मारेकरी सूफीच्या वेषात, अर्ज घेऊन आला होता. महिनाभरात सुलतान मलिकशाहही वारला आणि गादीसाठी घरातच लढाया जुंपल्या. इ.स. १०९४ मध्ये खलिफा मुक्तदीचा इंतकाल झाला. जी माणसं काल जग चालवत होती, ती दोन वर्षांत मातीआड गेली. इमामांनी स्वतः या घटनांना आपल्या आजाराचं कारण म्हटलेलं नाही. पण ज्याच्या भोवती हे सगळं घडलं, त्याचं मन कोरडं राहिलं असेल असं कसं म्हणावं?

त्यांनी जे लिहिलं ते आतल्या गोष्टीबद्दल आहे. त्यांच्या आयुष्यात याआधीही एक अवघड काळ येऊन गेला होता. डोळे जे दाखवतात ते खरं कशावरून, अक्कल जे सांगते ते खरं कशावरून, अशी शंका मनात शिरली आणि जवळजवळ दोन महिने कशावरच भरवसा राहिला नाही. त्या अवस्थेला त्यांनी सरळ आजार म्हटलं आहे. आणि त्यातून बाहेर आलो ते युक्तिवादाने नाही, तर अल्लाहने छातीत टाकलेल्या नूरमुळे, असंही लिहिलं आहे.

बगदादमधलं दुखणं वेगळं होतं. एके दिवशी त्यांनी स्वतःला विचारलं, की मी हे जे शिकवतो ते कशासाठी? अल्लाहच्या रजेसाठी, की नावासाठी, मानासाठी? उत्तर त्यांना आवडलं नाही. सकाळी ठरवायचे की सगळं सोडून निघायचं, संध्याकाळी मन माघार घ्यायचं. एक पाय पुढे टाकायचा, दुसरा मागे घ्यायचा. एकीकडे आखिरतची ओढ, दुसरीकडे पद, पैसा, बायको-मुलं, दोस्त. ही ओढाताण एक-दोन दिवसांची नव्हती. जवळजवळ सहा महिने ती चालली.

जीभ बंद, अन्न बंद

हिजरी ४८८ चा रजब महिना, इ.स. १०९५ चा जुलै. इमाम लिहितात, की इथून पुढे गोष्ट त्यांच्या हातात राहिली नाही. विद्यार्थी समोर बसलेले, त्यांचं मन राखण्यासाठी तरी एक धडा द्यावा म्हणून ते जोर लावत होते, पण तोंडातून शब्द निघेना. ज्या माणसासमोर भलेभले गप्प व्हायचे, त्याचीच जीभ अडकली.

या मुकेपणाने मनावर उदासी पसरली. उदासीने भूक गेली. पाण्याचा घोट उतरेना, खाल्लेला घास पचेना. अंगातली ताकद गेली. हकीम आले, नाडी पाहिली, औषधं दिली, काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी सांगितलं, की हे दुखणं आधी दिलावर उतरलं आहे आणि तिथून मिजाजात पसरलं आहे. मनावरचा बोजा हलका झाल्याशिवाय आमच्या औषधाने गुण येणार नाही.

वाचकहो, इथे क्षणभर थांबा. अकराव्या शतकातले हे हकीम. त्यांच्याकडे ना रक्ततपासणी, ना स्कॅन. तरी त्यांनी नाटक म्हटलं नाही, ईमान कमी आहे म्हटलं नाही. मनाचं दुखणं शरीरात उतरतं, हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असण्याचं कारणही आहे. त्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी अबू जैद बल्खी यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकत्र किताब लिहिली होती. चिंता, राग, भीती, उदासी यांवर त्यात वेगवेगळी चर्चा आहे. इब्ने सीना यांनी तर प्रेमात झुरणाऱ्या रोग्याची नाडी हातात धरून, नावं घेत घेत मनातलं माणूस ओळखण्याची रीत आपल्या 'कानून'मध्ये नोंदवली आहे.

आजचे डॉक्टर काय सांगतात

इमाम साहेबांना नेमका कोणता आजार होता, हे नऊशे वर्षांनंतर लेबल लावून सांगणं बरोबर नाही. पण मन आणि शरीराचं नातं आज जास्त स्पष्ट झालं आहे.

मोठा धक्का बसला किंवा ताण महिनोन्महिने राहिला, की मेंदू शरीराला धोक्याचा इशारा देतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात येतात. हृदय जोरात धडधडतं, स्नायू आवळले जातात आणि पचनाचं काम मागे पडतं. थोडा वेळ हे ठीक असतं, संकटात पळायला बळ मिळतं. पण हा इशारा बंदच झाला नाही तर भूक मरते, पोट बिघडतं, झोप उडते, घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं. काहींचा आवाजही जातो आणि घसा तपासला तर त्यात दोष सापडत नाही. हे ढोंग नसतं. माणूस ते मुद्दाम करत नाही, त्याला ते थांबवताही येत नाही.

जवळचं माणूस अचानक गेल्यावर काहींच्या छातीत हार्ट अटॅकसारखीच कळ येते. तपासलं तर रक्तवाहिनी बंद नसते, पण हृदयाचा एक भाग ताणामुळे ढिला पडून फुगलेला असतो. जपानी डॉक्टरांनी या आजाराला ताकोत्सुबो नाव दिलं. ताकोत्सुबो म्हणजे ऑक्टोपस पकडायचं मडकं, कारण फुगलेलं हृदय तसं दिसतं. दुःखाने काळीज फाटलं असं आपण म्हणतो, ते अगदीच खोटं नाही.

ही वाट उलटीही चालते. हार्ट अटॅक, कॅन्सर, पक्षाघात, किंवा वर्षानुवर्षं साथ न सोडणारा मधुमेह यांच्या मागोमाग उदासी येते. रोगी गोळ्या टाळतो, चिडतो, कोपऱ्यात बसून राहतो. घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला. खरं तर ते आजाराचंच दुसरं टोक असतं आणि त्यावरही इलाज असतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. अचानक बोलणं बंद झालं, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला तर ते मनाचं आहे म्हणून घरी बसू नका. तो पक्षाघात असू शकतो, लगेच हॉस्पिटल गाठा. छातीत कळ आली तरी हेच. मनाचं आहे की शरीराचं, हे डॉक्टरांनी ठरवायचं, शेजाऱ्यांनी नाही.

मग इमामांनी काय केलं?

हकिमांचा इलाज संपला तेव्हा इमामांनी पूर्ण हतबल होऊन अल्लाहकडे धाव घेतली. ते लिहितात, की मग पद आणि पैसा सोडणं मनाला सोपं झालं. पण ते रातोरात पळून गेले नाहीत. बायको-मुलांच्या खर्चापुरतं बाजूला ठेवलं आणि बाकीचं वाटून टाकलं. मदरशाच्या जागेवर भाऊ अहमद गझाली उभे राहिले. मक्केला जातो असं सांगून हिजरी ४८८ च्या जिल्कदमध्ये, इ.स. १०९५ च्या नोव्हेंबरात, त्यांनी बगदाद सोडलं. मनात शामला, म्हणजे सीरियाकडे, जायचं होतं. तसं सांगितलं असतं तर खलिफा आणि दोस्तांनी जाऊ दिलं नसतं.

ते गेले आणि लोकांच्या तोंडाला कुलूप राहिलं नाही. लांबचे म्हणाले, सरकारची भीती असणार. जवळच्यांना माहीत होतं की दरबार तर त्यांना थांबवत होता, म्हणून ते म्हणाले, ही आसमानी गोष्ट आहे, मुसलमानांना आणि आलिमांना कुणाची तरी नजर लागली. म्हणजे बघा, नऊशे वर्षांपूर्वीही माणूस आतून मोडला की लोक त्याला विचारायच्या ऐवजी आपापसात अंदाज बांधत होते. इमामांनी हेही लिहून ठेवलं, फक्त कुणाला दोष दिला नाही.

दमिश्कला त्यांच्या सांगण्यानुसार ते जवळपास दोन वर्षं राहिले. उमय्या मशिदीत एतिकाफ करायचे, दिवसभर मिनारात दार लावून बसायचे. तिथून बैतुल मुकद्दसला गेले. अल-खलील इथे हजरत इब्राहीम (अ.) यांच्या मजारीपाशी त्यांनी शपथ घेतली, की यापुढे कुठल्याही सुलतानाच्या दरबारात जाणार नाही, त्याचा पैसा घेणार नाही आणि जिंकण्यासाठी वाद घालणार नाही. म्हणजे ज्या गोष्टींनी आतून पोखरलं होतं, त्यांच्याशीच नातं तोडलं. मग हज केला.

आणि पुढचं वाक्य मला सगळ्यात जवळचं वाटतं. मुलांच्या हाकेने त्यांना घराकडे ओढून आणलं. ते वतनाला परतले. संसार, रोजीरोटी, रोजच्या कटकटी यांमुळे मनाची शांतता पुन्हा पुन्हा मोडायची, ती कधीमधीच पूर्ण मिळायची, पण आपण आशा सोडली नाही, असं ते कबूल करतात. इमाम गझालींनासुद्धा एका झटक्यात, कायमचं बरं वाटलं नव्हतं. मग आपल्या घरातल्या माणसाने चार दिवसांत हसायला लागावं, असा हट्ट आपण का धरतो?

याच वर्षांत 'इह्या' आकाराला आलं. चाळीस भागांचा हा ग्रंथ, आणि त्यातला एक संपूर्ण भाग दिल म्हणजे काय, तो कसा बिघडतो, यावर आहे. पुढे फारसीत त्यांनी 'कीमिया-ए-सआदत' लिहिलं.

परत वर्गात

हिजरी ४९९, इ.स. ११०६. निजामुल्मुल्कचा मुलगा फख्रुल्मुल्क तेव्हा वजीर होता. त्याच्या आग्रहावरून इमाम निशापूरच्या निजामियात पुन्हा शिकवायला बसले. बगदाद सोडून बरोबर अकरा वर्षं झाली होती. ज्या जिभेने साथ सोडली होती, ती पुन्हा चालू लागली. लोक म्हणाले, परत आले. इमाम लिहितात, की मी परत आलेलो नाही. पूर्वी मी असं इल्म शिकवत होतो ज्याने मान मिळतो, आता असं शिकवतो ज्याने मानाची हाव सुटते.

नंतर ते तूसलाच आले. घराशेजारी मदरसा आणि सूफींसाठी खानकाह होती. बगदादहून पुन्हा बोलावणं आलं, पण अल-खलीलची शपथ आठवून त्यांनी नम्रपणे नकार दिला. १४ जमादिउस्सानी ५०५, म्हणजे १८ डिसेंबर ११११ या दिवशी त्यांचा इंतकाल झाला. भाऊ अहमद यांच्या सांगण्यानुसार त्या सोमवारी पहाटे त्यांनी वजू केला, नमाज पढली, कफन मागवलं, ते डोळ्यांना लावलं आणि किब्ल्याकडे पाय करून पडले. उजाडायच्या आत ते गेले.

आपल्या घरांसाठी

हा आजार इमामांच्या ईमानाचा डाग नव्हता. दुःख शरीराला लागतं, हे तर आपल्याला कुरआनही सांगतो. हजरत यूसुफ (अ.) यांच्या विरहात हजरत याकूब (अ.) यांचे डोळे पांढरे पडले. ज्या वर्षी हजरत खदीजा (रजि.) आणि अबू तालिब गेले, ते वर्ष आम्-उल-हुज्न, दुःखाचं वर्ष, म्हणूनच ओळखलं जातं. नबींना दुःख झालं, तर आपल्या आई-बहिणींना, तरुण पोरांना होणार नाही का?

दुसरं, दुआ की दवा, असा झगडा इमामांनी कधी केला नाही. 'इह्या'मध्ये त्यांनी वैद्यकाला फर्जे किफाया म्हटलं आहे, म्हणजे समाजातल्या काहींनी ते शिकलंच पाहिजे, नाही तर सगळे गुन्हेगार. आपल्या काळात सगळे फिकहकडे धावतात आणि गावात मुस्लिम हकीम मिळत नाही, अशी तक्रारही त्यांनी केली आहे. आणि औषध घेतल्याने तवक्कुल मोडत नाही, हे त्यांनी सविस्तर समजावलं आहे. ज्याच्या बाबतीत हकिमांनीच हात टेकले होते, तो माणूस हे लिहितो, हे विसरू नका.

सगळ्यांना सगळं सोडून दमिश्कला जाता येत नाही. आपल्या घरातल्या बाईला तर दुपारचा तासभरसुद्धा स्वतःचा नसतो. पण इमामांच्या गोष्टीतल्या काही गोष्टी आपल्या हातात आहेत. बोजा काय आहे ते न टोकता ऐकून घेणं. काही दिवस त्याचं काम दुसऱ्याने उचलणं, जसं अहमद यांनी उचललं. डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरकडे जा म्हटलं तर लाज न बाळगता जाणं. कुणाला जायला संकोच वाटत असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जगणं नकोसं झालंय असं कुणी बोललं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मदत घ्या.

आणि पुढच्या वेळी कुणी ईमान कमजोर असल्याचा टोमणा मारला, तर त्याला भांडू नका. फक्त बगदादच्या त्या वर्गाची गोष्ट सांगा. समोर तीनशे विद्यार्थी, आणि हुज्जतुल इस्लाम गप्प.